'अनादी काळापासून' म्हणजे नेमकं कधीपासून? कोलंबियाचा निबंध आणि महाडचा खटला

आमच्या अभ्यासवर्गात नियमित येणारी एक मुलगी मध्यंतरी पीएच.डी.च्या मुलाखतीला गेली होती. विषय तिने स्वतः निवडला होता: गावकुसाबाहेरच्या वस्त्या, पाण्याची रूढी आणि कायदा. समितीतल्या एका सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही त्याच समाजातल्या ना? मग तटस्थ कशा राहणार?" विषय नामंजूर झाला. विद्यापीठाचं नाव आम्ही लिहीत नाही, कारण प्रश्न एका विद्यापीठाचा नाही. हा प्रश्न आमच्या किती पोरांनी ऐकला असेल याची मोजदाद कुणीच ठेवलेली नाही.

अशा वेळी आम्हाला ९ मे १९१६ ही तारीख आठवते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकणारा, शाळेत पाण्याच्या नळाला हात लावू न दिलेला हा तरुण जातीवर बोलत होता. आणि संपूर्ण निबंधात स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगाचा एक शब्द नाही!

तिथे आहे ती चिकित्सा. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या बाबासाहेब एकेक करून तपासतात. यातले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांनी अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना जातीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. केतकर ब्राह्मण होते, जातिव्यवस्थेच्या आत जन्मलेले होते. पण "तुम्ही तटस्थ कसे राहणार" असं त्यांना विचारायचं आजही कुणाला सुचत नाही. बाबासाहेबांनी तर केतकर इथलेच आहेत आणि तरीही मोकळ्या मनाने, चिकित्सक बुद्धीने अभ्यास करतात याचं कौतुक केलं, आणि मग त्यांच्या व्याख्येतली त्रुटी दाखवली. भावनेला शास्त्राच्या प्रांतात थारा नको, हे त्याच निबंधात बाबासाहेब सांगतात. आपला सिद्धांत टिकत नाही असं कुणी दाखवलं तर तो सोडून देण्याची तयारीही ते दाखवतात. म्हणजे तटस्थतेची अट बाबासाहेबांना मान्यच होती. पण ती पुराव्याशी वागण्याची अट होती. आज ती जन्माच्या दाखल्यावर तपासली जाते, तीही फक्त आमच्याच.

निबंधाचा गाभा थोडक्यात असा. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे. एकदा गट बंद केला की नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र गटाबाहेर जाऊ न देता लग्नाच्या वयात न आलेली पोर बायको म्हणून द्या. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन 'पवित्र' रूढींचा हिशेब त्यांनी असा एका यंत्रणेत बसवून दाखवला. मनूने जात निर्माण केली असंही ते म्हणत नाहीत. आधीपासून चालत असलेल्या व्यवहाराला मनूने कायद्याचं आणि धर्माचं रूप दिलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजेच रूढीला सुरुवात असते, कारण असतं, तिच्यात कुणाचा तरी फायदा असतो. ती आकाशातून पडत नाही. हे आज वाचायला सोपं वाटतं. अकरा वर्षांनी महाडमध्ये या एका विचाराची खरी गरज पडणार होती.

महाडची हकीकत आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे, म्हणून लढ्याचं वर्णन इथे करत नाही. कागदपत्रांकडे मात्र आपलं नेहमी दुर्लक्ष होतं. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले, राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. लगेच तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, शेणमूत्र ओतून! मग ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पण हुकमाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी स्थगित केला.

दाव्यात वादींचं म्हणणं काय होतं? तळं आमचं आहे, आणि अस्पृश्यांनी ते वापरायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे.

'अनादी काळापासून' हे शब्द सहज वापरलेले नाहीत. इंग्रजी अमलातल्या हिंदू कायद्यात रूढीला प्रचंड वजन होतं. रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती शास्त्रवचनापेक्षाही वरचढ ठरते, असं प्रिव्ही कौन्सिलने रामनाडच्या प्रकरणात १८६८ मध्येच सांगून ठेवलं होतं. म्हणजे धर्मग्रंथात काय लिहिलंय यावर वाद घालून आपल्याला महाड जिंकता आलं नसतं. पण या नियमात एक फट होती. रूढी सिद्ध करावी लागते. ती जुनी आहे, अखंड आहे आणि निश्चित आहे, हे पुराव्याने दाखवावं लागतं. सवर्णांना वाटलं, सगळ्या गावाला माहीत असलेल्या गोष्टीला पुरावा कसला?

तिथेच ते हरले. महाडच्या न्यायाधीशाने जून १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाण्याचं अपील १९३३ मध्ये फेटाळलं गेलं आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधींना शिक्षा देणारेच. तळं नगरपालिकेचं ठरलं. अलीकडच्या काळात अस्पृश्य तिथे येत नव्हते हे दिसतं, पण तेवढ्याने रूढी अनादी ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. कोलंबियाचा निबंध न्यायालयात कुणी वाचून दाखवला असा आमचा दावा नाही. पण चर्चासत्रात विचारलेला प्रश्न आणि न्यायालयात निर्णायक ठरलेला प्रश्न एकच आहे: ही रूढी सुरू कधी झाली, आणि कशावरून?

आता निकालाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्याकडे हा निकाल फक्त विजय म्हणून साजरा होतो. रूढी सिद्धच झाली नाही, म्हणून ती अन्याय्य आहे की नाही हे तपासण्याची गरज न्यायालयाला पडली नाही. समजा सवर्णांकडे चारशे वर्षांची दफ्तरं असती तर? माणसाला पाणी नाकारणं जुनं असल्यामुळे कायदेशीर ठरलं असतं का? कायद्याने हा नीतीचा प्रश्न मोकळा सोडला. बाबासाहेबांनी तो आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात हाताळला होता. नियमांचा धर्म वेगळा आणि तत्त्वांचा धर्म वेगळा, हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो आज्ञा आणि मनाई यांचा गठ्ठा आहे, हे त्यांनी तिथे मांडलं. कोलंबियाचा निबंध या भाषणातच सामावून घेण्याचा त्यांचा विचार होता, पण तेवढा वेळ मिळाला नाही. शेवटी १९४४ च्या आवृत्तीत तो सोबत छापला गेला.

न्यायालयाने मोकळ्या सोडलेल्या प्रश्नाचं उत्तर २६ जानेवारी १९५० ला मिळालं. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी तेवढ्यापुरती शून्य ठरते, ती हजार वर्षांची असो की कालची. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द आहेत. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेले, असंही तिथे म्हटलंय. बोले यांचा १९२३ चा ठराव शेजारी ठेवून हे वाचा, कुळी लगेच लक्षात येते.

आमच्या त्या मुलीने विषय बदललेला नाही. नव्या अर्जाच्या आराखड्यात तिने १९३७ च्या निकालाचं पहिलं प्रकरण केलंय. चार गावांतल्या नळयोजनेच्या नोंदी मागवण्यासाठी माहिती अधिकाराचे अर्ज गेल्या आठवड्यात टाकले, त्यातल्या दोन ग्रामपंचायतींनी नोंदी सापडत नाहीत असं लेखी कळवलंय. ती पत्रंही तिने फाईलला लावली आहेत.