भागीदार, मालक आणि कारभारी

नाटक मंडळीचा इतिहास म्हणजे तिच्या नटांचा इतिहास, असा समज आपल्याकडे रूढ आहे. शकुंतला कोणी केली, सुभद्रा कोणी गाइली, कोणत्या पदाला किती ‘वन्समोअर’ मिळाले, याच्या आठवणी घरोघर निघतात. परंतु त्या मंडळीची तिजोरी कोणाच्या हाती होती, नवे नाटक घ्यावयाचे की नाही हे कोण ठरवीत असे आणि ही माणसे मुळात कोणत्या व्यवसायातून तेथे आली, याचा विचार क्वचितच होतो. आज एखाद्या नाट्यसंस्थेचे कार्यकारी मंडळ असते. त्यात डॉक्टर, प्राध्यापक, वकील, बँकेतील अधिकारी असतात. जुन्या काळी या मंडळाच्या जागी भागीदार होते. मंडळीचे भवितव्य त्या भागीदारांच्या पूर्वायुष्याशी किती निगडित होते, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ आपल्या बेळगावापासूनच करावा लागतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. बेळगावात शिक्षक असताना त्यांनी भरतशास्त्रोत्तेजक मंडळी काढून नाटके केली. पुढे पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत ते नोकरीस लागले आणि त्या नोकरीत असतानाच ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला. किर्लोस्कर मंडळीचा पाया घालणारा हा गृहस्थ शाळामास्तर आणि कारकून होता, ही गोष्ट गौण नव्हे. वेळेवर हजर राहणे, कागद नीट ठेवणे, हाताखालच्या माणसास शब्द शब्द समजावून सांगणे ही त्याची रोजची सवय. ‘नाटक्या’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई त्या काळात सरकारी नोकरीतला मनुष्य मंडळीच्या मुखाशी उभा राहिला, म्हणून सभ्य कुटुंबांची पावले नाटकगृहाकडे वळली. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे बेळगावातील शिष्य. तेही येथेच शिक्षक झाले आणि पुढे किर्लोस्कर मंडळीत नटांना तालीम देऊ लागले. १८९९ साली इंदूर येथे ‘शारदा’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यामागे मास्तरकीची ही दोन पिढ्यांची शिस्त होती.

१८८५ साली अण्णासाहेब निवर्तले आणि मंडळी मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर व भाऊराव कोल्हटकर या तिघांकडे आली. तिघेही गायक नट. भाऊराव बडोद्याचे, अण्णासाहेबांनी त्यांना तेथूनच आणले होते. येथे मालकीचे स्वरूप बदलले. जो रंगमंचावर पैसा मिळवून देतो तोच मालक, हे सूत्र रूढ झाले. ते न्याय्य वाटते, आणि पुष्कळ अंशी होतेही. परंतु ज्याच्या गळ्यावर मंडळी चालते तोच मालक असला, की त्याच्या गळ्याबरोबर मंडळीचेही आयुष्य बांधले जाते. १९०१ साली भाऊराव गेले आणि त्याचा प्रत्यय आला. पुढच्या काळात मंडळी सावरण्यात शंकरराव मुजुमदारांचा वाटा मोठा. हे नट होते, व्यवस्थापक होते आणि लिहिते गृहस्थही होते. अण्णासाहेबांचे चरित्र त्यांनी लिहिले, ‘रंगभूमि’ मासिक चालविले. मंडळीच्या कारभारात लेखणी धरणारा मनुष्य असल्याचा लाभ आपल्याला आजही होतो, कारण किर्लोस्करांविषयी जे ठाऊक आहे त्यातील बरेचसे त्यांच्यामुळे.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. भागीदारांची निवड इतकी जुळून आल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. बालगंधर्व हे मंडळीचे दैवत. बोडस लहानपणापासून कंपनीच्या बिऱ्हाडात वाढलेले, गद्य भूमिकांत मुरलेले, धंद्याचे खाचखळगे जाणणारे. टेंबे कोल्हापूरच्या देवल क्लबात वावरलेले, स्वतःच्या कष्टाने पेटी शिकून भास्करबुवा बखल्यांना साथ करणारे, ‘मानापमाना’च्या चाली देणारे. एक गायक नट, एक जाणता नट आणि एक संगीतज्ञ, अशी ती त्रयी होती. एकाने दुसऱ्याला थांबवावे, अशी सोय त्या रचनेतच होती.

ती टिकली नाही. टेंबे थोड्याच वर्षांत बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्यास ‘एकच प्याला’ लागले. गडकरी महिन्यापूर्वीच गेले होते. सुधाकर बोडसांनी उभा केला, सिंधू बालगंधर्वांनी. त्यानंतर बोडसही वेगळे झाले. आता मालक एकच उरला, आणि तो असा की ज्याला उत्तमाहून कमी काही रुचत नसे. ‘द्रौपदी’च्या नेपथ्यावर, वस्त्रांवर, अलंकारांवर झालेल्या खर्चाच्या कथा जुन्या पिढीने कौतुकाने सांगितल्या, हिशेबाच्या वहीत मात्र त्या कर्ज म्हणून नोंदल्या गेल्या. १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जात बुडाली आणि पुढची काही वर्षे सावकारांचे देणे फेडण्यातच गेली. बालगंधर्वांचा यात दोष काढणे सोपे आहे. मी तो काढणार नाही. त्यांच्या औदार्यात लबाडी कधीच नव्हती. परंतु ‘नारायणराव, इतके नको’ असे बरोबरीच्या नात्याने म्हणू शकणारे दोघेही निघून गेले होते, आणि पगारी व्यवस्थापकाला ते म्हणण्याचा अधिकार नसतो.

केशवराव भोसल्यांचे उदाहरण निराळे. कोल्हापूरच्या गरीब घरातला हा मुलगा. शाळेऐवजी नाटक कंपनीतच वाढलेला. वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी, १ जानेवारी १९०८ रोजी, त्याने हुबळीस ललितकलादर्श स्थापन केली. शिक्षण नाही, भांडवल नाही. तरी केशवराव १९२१ साली ऐन उमेदीत गेल्यावर मंडळी मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालविली, मामा वरेरकरांसारख्या पोस्ट खात्यात नोकरी केलेल्या लेखकाला हाताशी धरले आणि १९२२ साली ‘सत्तेचे गुलाम’ आणले. तेव्हा शिकलेला मालक तारतो आणि न शिकलेला बुडवतो, असा सोपा हिशेब येथे चालत नाही. मालकाच्या पश्चात मंडळीला आपली समजणारा दुसरा कोणी तयार झाला होता की नाही, हा खरा प्रश्न.

हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भावंडांच्या नाट्यशाखेकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागेल. तेथे घरच गायकांचे होते आणि स्त्रिया भूमिकाही करीत, कारभारातही असत. त्यावर कोणी सविस्तर लिहावे.

१९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ घेऊन नाट्यमन्वंतर ही संस्था पुढे आली तेव्हा चालकांची जातकुळी पुरती पालटली होती. अनंत काणेकर कायद्याचे पदवीधर, केशवराव भोळे वैद्यकीचा अभ्यास सोडून संगीताकडे आलेले, श्री. वि. वर्तक नॉर्वेजियन नाटकाचे रूपांतर करणारे. व्यवसायातील म्हणावे असे केशवराव दाते. यांनी मराठी नाटकाला नवी दृष्टी दिली, बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळ्यांना स्त्रीभूमिकेत उभे केले. पण वर्षानुवर्षे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडण्याची तयारी असलेली ही माणसे नव्हती. संस्था काही वर्षांतच थांबली.

नाटक मंडळ्यांचा तो काळ ओसरत असताना, बोलपटांनी थिएटरे घेतली असताना, मुंबईस मराठी साहित्य संघाच्या द्वारे नाट्यमहोत्सव भरविण्याची जबाबदारी डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी उचलली. हे व्यवसायाने डॉक्टर. मराठी रंगभूमीच्या शताब्दीच्या निमित्ताने १९४४ साली मुंबईत झालेल्या उत्सवामागे त्यांचीच धडपड होती. गिरगावात १९६४ साली उघडलेल्या साहित्य संघ मंदिरातील नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे.