गाविलगडाची उत्तर बाजू

नागपूरहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर प्रवास करून आम्ही चिखलदऱ्यास पोहोचलो तेव्हा नाताळ जवळ आला होता आणि दऱ्यांतून धुके वर येत होते. बरोबरची मंडळी थंडीने कुडकुडत चहाच्या शोधात गेली; आम्ही गाविलगडाची वाट धरली.

बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५च्या सुमारास हा किल्ला बांधला. दरवाजावरील शार्दूल व दुतोंडी गंडभेरुंड आजही पाहणाऱ्यास थांबवतात. आत मात्र पडकी मशीद, तलाव, गवतात लोळणाऱ्या लोखंडी तोफा आणि नीरव शांतता.

तटावर उभे राहिले की गडाचे बळ आणि व्यंग दोन्ही एकाच वेळी ध्यानी येते. अन्य बाजूंना कडे तुटलेले. उत्तरेस मात्र डोंगराची अरुंद सोंड चिखलदऱ्याच्या पठाराला जोडलेली. आम्ही ज्या वाटेने गप्पा मारीत आलो, तिकडूनच १८०३च्या डिसेंबरात इंग्रज आले. अडगावच्या लढाईत नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा पराभव झाला होता. आर्थर वेलस्ली (पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा तोच) दक्षिणेस राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरांना वळसा घातला. रस्ता नव्हताच. सैनिकांनी तो तयार केला आणि अवजड तोफा हातांनी ओढून ७ ते १२ डिसेंबरच्या दरम्यान उत्तरेस आणल्या.

१५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. आतला तट अभंग होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने दरीतून चढून तटाला शिड्या लावल्या व दार आतून उघडले. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढता लढता पडला. त्याचे प्रेत मृतांच्या राशीत सापडले.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांचा कटक व बालेश्वर प्रांत कंपनीकडे गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामास मिळाला. आणि गाविलगड? तो नरनाळ्यासह, भोवतालच्या चार लाखांच्या मुलखासह, रघूजींकडेच राहिला! ज्या दगडांसाठी बेनीसिंग व त्याचे सोबती मेले, ते दोन दिवसांत कागदाच्या एका कलमाने परत आले. तहाच्या मसुद्यावर घासाघीस करणाऱ्यांच्या मनात त्या मृतांची आठवण कितपत होती, असा विचार आमच्या मनात आल्याखेरीज राहिला नाही.

परतताना सोबतच्या एका मुलाने विचारले, "मग ते लढले कशाला?" त्याला काय सांगावे, ते आम्हांस परतवाड्यापर्यंत सुचले नाही.