आंब्याच्या पानावरची नोंद

बडोदेकर मंडळी, १९६०च्या दशकात शहराच्या उत्तरेला तेल, खत, रसायनांचे कारखाने आले. आपल्याच घरची मुलं तिथं नोकरीला लागली, म्हणून धुराबद्दल आपण फारसं बोललो नाही. आंब्याची पानं करपली की "उन्हानं झालं असेल" म्हणायचो.

पानावर मात्र नोंद होत असते. सल्फर डायऑक्साइड पर्णरंध्रांतून आत शिरतो, शिरांमधला भाग पिवळा-तपकिरी पडतो. फ्लोराइड पानात साठत जातं, टोक आणि कडा जाळतं. खाऱ्या पाण्यानंही कडा जळतात. म्हणून नुसतं बघून भागत नाही, पान प्रयोगशाळेत तपासावं लागतं.

हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ साली झाला. त्याआधीच्या वर्षांचं खातं झाडांकडेच होतं. परसातला आंबा करपला तर तोडायची घाई करू नका. आधी पान तपासून घ्या.