वाटाड्यासह एक दिवस

प्रत्येक बँक-कारकुनाचा एक मेहुणा अमेरिकेत असलाच पाहिजे, असा काही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. पण माझा आहे. दर दोन वर्षांनी तो मलकापूरला येतो, चार दिवस राहतो, आणि आपण आजवर किती क्षुल्लक आयुष्य जगलो याची मला नीट जाणीव करून देऊन परत जातो. यंदा तो आषाढात आला आणि येताना माया लोकांची पडकी शहरं घेऊन आला. म्हणजे फोटो.

"दाजी, प्रायव्हेट गाईड घेतला होता," तो म्हणाला. "फक्त आम्ही चौघं आणि तो. सकाळी हॉटेलातून उचलतात, संध्याकाळी आणून सोडतात."

'उचलतात' हे क्रियापद आमच्या शाहूवाडी तालुक्यात फक्त पोलिसांसाठी राखीव आहे. पण मी काही बोललो नाही. फोटो पाहत राहिलो. मेक्सिकोत चिचेन इत्झा म्हणून एक ठिकाण आहे, तिथला तो पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा. चारी बाजूंना एक्याण्णव-एक्याण्णव पायऱ्या. मी कॉमर्सचा पदवीधर. मनातल्या मनात गुणाकार झाला. तीनशे चौसष्ट. एक कमी! मी अस्वस्थ झालो. मेहुण्यानं सांगितलं, वरचा चौथरा ही शेवटची पायरी धरायची, म्हणजे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पुरे होतात. ताळेबंद जुळला आणि माया लोकांविषयी माझं मत एकदम चांगलं झालं. त्यांना शून्यही माहीत होतं म्हणे. शिवाय ते तारखेचे पक्के. पालेंकेचा पाकाल नावाचा राजा इ. स. ६१५ मध्ये बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वारला, ह्या गोष्टी दिवसवारासकट दगडात कोरून ठेवल्या आहेत. अशी माणसं आमच्या शाखेत दोन जरी असती, तरी ऑडिटर दुपारच्या गाडीनं परत गेला असता.

इथपर्यंत ठीक होतं. मग मेहुणा म्हणाला, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. माहेरच्या माणसावर ती इतकी चिडलेली मी प्रथमच पाहिली. "आमच्याकडे विशाळगड आहे. पावनखिंड आहे. आणि गाईडही मिळतो. प्रायव्हेट!"

ती बोलून बसली. गाईड शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

आमच्या शिपायानं एक नाव सुचवलं. "आंब्याकडचं एक मामा हायत. ती सगळी वाट त्यांच्या पायाखालची हाय." शिपायावर मी विश्वास टाकला. जीप ठरली. रविवारी सकाळी धो धो पाऊस. आंब्याच्या अलीकडे जीप थांबली, घोंगड्याची खोळ घेतलेला साठीचा एक माणूस पुढच्या सीटवर चढला, मागे वळला आणि म्हणाला, "रामराम सायेब. वळखलं का?"

ओळखलं. न ओळखायला काय झालं? दोन वर्षांपूर्वी ह्याच मामांना मी म्हशीच्या कर्जासाठी तीन वेळा परत पाठवलं होतं. कागद पुरे नव्हते. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा कैलासवासी, वडील कैलासवासी, आणि वारसाची नोंद कुणीच घातलेली नाही. "आधी वारस-नोंद करून आणा," असं मी पहिल्यांदा गोड शब्दांत सांगितलं, दुसऱ्यांदा साध्या आणि तिसऱ्यांदा मान वर न करता. चौथ्यांदा ते आलेच नाहीत. आणि आता त्यांच्या हाती मी, माझी बायको आणि परदेशी चलन मिळवणारा मेहुणा असे तिघे होतो.

आंबा सोडून गाडी गजापूरच्या बाजूला वळली. दोन्ही अंगांनी झाडी दाटत गेली, धुकं काचेला येऊन चिकटलं, आणि मला नको ती गोष्ट आठवली. १४५३ सालची. त्या काळी विशाळगडाला खेळणा म्हणत आणि तो शंकरराव मोऱ्यांच्या ताब्यात होता. बहामनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुजार कोकण जिंकायला निघाला. वाटेत त्यानं एका शिर्क्यांना पकडलं आणि धर्म बदल नाहीतर मर, असं सांगितलं. शिर्के म्हणाले, बदलतो की. पण खेळण्याचे मोरे आमचे वैरी, आधी त्यांना बुडवा, म्हणजे ते मला हसणार नाहीत. वाट मी दाखवतो. आमच्या तालुक्याच्या इतिहासातली मार्गदर्शकासह निघालेली ही पहिली सहल. फिरिश्त्यानं तिचं वर्णन करून ठेवलं आहे. पहिले दोन दिवस रस्ता इतका उत्तम, की सगळी फौज वाटाड्यावर खूश. तिसऱ्या दिवशी असं अरण्य लागलं, की माणसाला माणूस दिसेना. त्यातच मलिक-उत्-तुजारचं पोट बिघडलं. फौज दमून जिथं जागा मिळेल तिथं पडली. शिर्क्यांनी मोऱ्यांना निरोप धाडला होताच. रात्री मोऱ्यांची माणसं आली आणि हजारोंची ती फौज झोपेतच कापली गेली. सरदारही गेला.

मी मनाशी हिशेब केला. शिर्क्यांचं तर कर्जप्रकरणसुद्धा कुणी अडवलं नव्हतं!

"मामा," मी शक्य तितक्या सहज विचारलं, "रस्ता बरोबर आहे ना?"

"आतापातुर तर चांगला हाय," मामा म्हणाले. माझंही पोट बिघडल्यासारखं वाटू लागलं.

मेहुण्याला मात्र गाईडनं काही माहिती सांगितल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नव्हते. तेव्हा ती बाजू मी सांभाळली. औरंगजेब आमच्या मलकापुरावरून गेला आहे, हे त्याला खरंच वाटेना. पण गेला आहे. १७०१ च्या डिसेंबरात त्र्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा खेळण्याला वेढा घालायला जातीनं आला. आंबा घाट तोफा जाण्याजोगा करायला आधी माणसं पुढं पाठवून रस्ता फोडावा लागला. पुढं सहा महिने वेढा चालला. किल्ल्यावर परशुराम त्रिंबक होते. १७०२ च्या जूनमध्ये किल्ला पडला. खरं म्हणजे पडला नाही, विकला गेला. दोन लाख रुपये घेऊन मराठे खाली उतरले, आणि बादशहानं गडाचं नाव ठेवलं सख्खरलना. ही रक्कम बादशाही जमाखर्चात कोणत्या सदरी टाकली असेल, हे कुतूहल मला आजही आहे. 'किल्ला खरेदी' म्हणावं तर ती मोहीम कसली, आणि 'किरकोळ' म्हणावं तर दोन लाख.

खरी मजा पुढंच आहे. गड घेऊन बादशहा जूनमध्ये परत फिरला. जूनमध्ये! आमच्या भागात जूननंतर छत्रीसुद्धा परत फिरत नाही. ओढे भरले, हत्ती चिखलात रुतले, उंट पडले, तंबू सामानासकट वाहून गेले. जदुनाथ सरकारांनी ह्या परतीचा हिशेब दिला आहे: पन्हाळ्यापर्यंतचे तीस मैल, अडतीस दिवस. दिवसाला एक मैलही पुरता पडला नाही.

आणि ह्याच मुलखातून, ह्याच आषाढात, बेचाळीस वर्षांपूर्वी शिवाजीमहाराज उलट दिशेनं एक रात्र आणि एका दिवसात गेले होते.

हे म्हणेपर्यंत जीप थांबली. "उतरा," मामा म्हणाले. "हितनं चालायचं."

खिंडीत उतरेपर्यंत माझ्या पायाला चार जळवा लागल्या, मेहुण्याला सहा. आकडे त्यानं स्वतः मोजले. ही मात्र पदर खोचून मामांच्या मागोमाग सरळ खाली गेली; तिला एकही लागली नाही. खाली कासारीच्या उगमाकडचं पाणी दगडांतून धडधडत होतं. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे जेमतेम वाट. मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नव्हतं, आणि मोठ्यानं बोलावं असं कुणाला वाटत नव्हतं.

गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १६६० चा मार्च ते जुलै, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि वर इंग्रजांचं निशाण फडकावलं. व्यापाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या भांडणात पडू नये हा साधा नियम विसरल्याबद्दल पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि ह्या साहेबांना कैदेत घातलं. तर जुलैच्या १२ तारखेच्या रात्री महाराज पालखीत बसून सहाशे माणसांनिशी गडाबाहेर पडले. दुसऱ्या पालखीत नेबापूरचा शिवा काशीद, महाराजांसारखा दिसणारा. तो पकडला गेला आणि मारला गेला. सिद्दी मसूद पाठीवर आला. पायवाटेनं साठेक किलोमीटर, तेही रात्रीच्या चिखलातून. इथं, घोडखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे तीनशे बांदलांसह थांबले. उरलेले तीनशे महाराजांबरोबर पुढं गेले. विशाळगडाच्या पायथ्याला सुर्वे आणि दळवी वेढा घालून बसलेले, तोही फोडायचा होता. वर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत खिंड लढली. बाजी पडले, फुलाजी पडले. घोडखिंडीची पावनखिंड झाली. अरविंद घोषांनी बाजीप्रभूंवर इंग्रजीत कविता लिहिली, सावरकरांनी पोवाडा केला.

मामांनी एवढं काही सांगितलं नाही. ते एका दगडाला हात लावून म्हणाले, "आमचा मूळ पुरुष पालखीला खांद्याला व्हता."

"कुठल्या पालखीला?" मेहुण्यानं विचारलं.

"म्हाराजांच्या. म्हसाईच्या पठारावरनं हितपातुर. हितनं म्होरं दुसऱ्यांनी घेतली. त्यो हितंच ऱ्हायला."

इथं माझ्यातला कारकून जागा झाला. वीस वर्षांची सवय, खिंडीत काय किंवा खिडकीत काय, सुटत नाही. एक शंका मला लहानपणापासून होती. सहाशे वजा तीनशे बरोबर तीनशे, हे जुळतं. पण पालखीचे भोई? ते त्या सहाशेत धरलेत की वेगळे? पालखी खांद्यावर घेऊन रात्रभर चिखलातून धावणारी माणसं कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत. मी म्हणालो, "मामा, ह्याला काही पुरावा? म्हणजे एखादा कागद, सनद, कुठं नाव..."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बँकेत तिसऱ्या वेळी पाहिलं होतं, तसंच.

"सायेब, रान माझ्या नावावर हाय का?"

"नाही."

"पर कसतोय कोन?"

पाणी धडधडत होतं. मेहुण्यानं उगीचच मोबाइल काढून पुसला. मी म्हणालो, "तुम्हीच."

"मग," मामा म्हणाले, आणि आमच्या हिच्याकडे वळून, "वैनी, तितनं पाय जपून टाका, शेवाळ हाय."

पाकाल राजाचा मनोरा कोणी उचलला असेल, हा प्रश्न मेहुण्यानं त्याच्या त्या खासगी गाईडला विचारला नव्हता. परत वर येताना तो स्वतःच हे म्हणाला. मग त्यानंच सांगितलं, की माया लोकांच्या पोथ्या एका स्पॅनिश पाद्र्यानं १५६२ साली ढीग करून जाळल्या. आता जेमतेम चार उरल्यात. हे सकाळी, फोटो दाखवताना, त्यानं सांगितलं नव्हतं.

विशाळगडाबद्दल फारसं लिहीत नाही. पूल ओलांडून पायऱ्या चढलो, धापा टाकल्या, बाजी-फुलाजींच्या समाध्यांवर डोकं टेकलं. १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा इंग्रजांनी इथली तटबंदी पाडली. त्यामुळे ज्याला आपण काळानं पडलेलं म्हणतो, त्यातलं बरंचसं हुकमानं पडलेलं आहे. धुक्यात फार काही दिसलं नाही. चहा मात्र मिळाला. मेहुण्यानं तीन कप घेतले.

परतताना आंब्याच्या अलीकडे मामा उतरले. मेहुण्यानं पाकीट काढलं. मेक्सिकोतल्या गाईडनं घेतलेला आकडा मी सांगत नाही, कारण त्यात दीड म्हैस आली असती. मामांनी ठरले तेवढेच घेतले, मोजले, आणि खोळ सारखी केली.

"म्हशीचं काय झालं पुढं?" मी विचारलं. हे विचारायला मला मलकापूर-विशाळगड-मलकापूर एवढा प्रवास लागला.

"काय व्हनार? न्हाई घेतली." मग जरा थांबून, "सोमवारी तलाठी गावात असतोय. पर त्यो तुमच्यापरास वंगाळ. मानच वर करत न्हाई."

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली. अर्जावर कारण लिहिणं आवश्यक असतं. मी लिहिलं, 'वारस-नोंदीचे काम.' मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर केला. "घरात कुणी गेलं की काय हो?"

"हो," मी म्हणालो. "पण बरेच दिवस झाले. पावनखिंडीत."