परतीचे दोर: पीएसपी आणि कस्टम फर्मवेअरचा इतिहास

१/ १२ डिसेंबर २००४ रोजी सोनीचा पीएसपी हा हातात धरून खेळण्याचा कन्सोल जपानमध्ये विक्रीस आला. त्याचे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, आतल्या ३२ एमबी फ्लॅश मेमरीत साठवलेले होते. पहिल्या १.०० आवृत्तीत एक दार उघडेच राहिले होते: सोनीची डिजिटल सही नसलेले प्रोग्रामही ती चालवीत असे.

२/ त्या दाराने हौशी प्रोग्रामरांचे स्वतः रचलेले खेळ आले, तसेच खेळांच्या चोरट्या प्रतीही आल्या. सोनीने पुढील आवृत्त्यांत दार बंद केले. सप्टेंबर २००५ मध्ये २.०० आवृत्तीत टिफ चित्रे उघडणाऱ्या भागात दोष सापडला आणि त्याच्या आधारे १.५० आवृत्तीकडे परतवणारा ‘डाउनग्रेडर’ निघाला.

३/ या उत्साहाचा फायदा लगेच उठवला गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये डाउनग्रेडरच्या वेषात एक ट्रोजन पसरला. तो फ्लॅशमधील मूळ फाइलीच पुसून टाकी. नंतर यंत्र सुरूच होत नसे. अशा निर्जीव कन्सोलला ‘ब्रिक’, म्हणजे वीट, म्हणतात. फ्लॅशवर लेखन चालू असताना वीज गेली तरी हीच गत होई.

४/ २००६ मध्ये ‘डार्क ॲलेक्स’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने कस्टम फर्मवेअर आणले. सोनीच्या नव्या सोयी आणि मुक्त प्रोग्राम एकत्र नांदू लागले. सुरू करताना ‘आर’ बटण दाबून धरले की रिकव्हरी मेनू येई. मात्र तोही त्याच फ्लॅशमध्ये राहत असे. फ्लॅश बिघडली की तोही निरुपयोगी.

५/ खरा उपाय २००७ मध्ये बॅटरीत सापडला. बॅटरीच्या चिपमधील अनुक्रमांक षोडशमान पद्धतीत आठही स्थानी ‘एफ’ केला, की पीएसपी फ्लॅशऐवजी मेमरी स्टिकवरून सुरू होई. दुरुस्तीसाठी राखलेली ही वाट ‘पँडोरा बॅटरी’ म्हणून प्रसिद्ध झाली आणि कित्येक ‘विटा’ पुन्हा जिवंत झाल्या.

६/ २००८ मध्ये सोनीने नव्या मदरबोर्डांवर ही वाट बंद केली. मग हौशी मंडळींनी फ्लॅशला हात न लावता केवळ रॅममध्ये वसणारी पद्धत काढली. यंत्र पूर्ण बंद केले की बदल नाहीसा! पुन्हा हवा असल्यास पुन्हा चालवायचा.

७/ या घडामोडींतूनच सुरक्षिततेचे नियम घडले. आधी मॉडेल आणि मदरबोर्ड ओळखावा. फाइलीचा उगम तपासावा. फ्लॅशची प्रत काढून ठेवावी. चार्जर जोडूनच लेखन सुरू करावे. कस्टम फर्मवेअर काढण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे सोनीचे अधिकृत अपडेट त्यावर बसवणे. शेवटची आवृत्ती ६.६१, २०१५ ची.

८/ या इतिहासात कुलूप तोडणाऱ्यांची नावे गाजली. पण सामान्य खेळाडूचे यंत्र वाचवले ते परतीचे दोर शाबूत ठेवणाऱ्यांनी. म्हणून जुना कन्सोल हाती आला, तर बदल करण्यापूर्वी तो मागे कसा घ्यायचा, हे आधी पाहून ठेवा.