आगकाड्यांपासून काडेपेट्यांपर्यंत : अॅनिमेशनपटांच्या दिग्दर्शिकांची ओळख

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता सातपुरातून जातो. रस्त्याच्या एका टोकाला दादासाहेब फाळके यांचे जन्मगाव, दुसऱ्या टोकाला त्यांनी चित्रपटांचा कारखाना उभा केला ते शहर, आणि मधे आमची औद्योगिक वसाहत. फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आल्यानंतर, १९१३ मध्येच, त्यांनी मुंबईहून नाशिकला मुक्काम हलवला आणि १९४४ मध्ये इथेच त्यांनी डोळे मिटले. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सगळेच ओळखतात. त्यांच्या कामातली एक बारीक पायवाट मात्र सहसा कोणाच्या नजरेला पडत नाही. या अभ्यासाला मी तिथूनच सुरुवात करते.

१९१२ मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्याने थोडी थोडी टिपत नेली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. पुढे नाशिकच्या काळात, १९१५ च्या सुमारास, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी जराशी सरकवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा जराशी सरकवायची. अशा रीतीने निर्जीव काड्या पडद्यावर आपल्या पायांनी चालू लागल्या. भारतातल्या अॅनिमेशनचा आरंभ शोधणाऱ्याला या काड्यांपाशी यावेच लागते.

त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, २००६ मध्ये, कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागात पंधरा मिनिटांचा एक भारतीय लघुपट दाखवला गेला. त्यात एक वृद्ध, एकटी बाई आहे, तिची मांजर आहे आणि तिने जमवलेल्या काडेपेट्या आहेत. तिची खोली करडी, रंगहीन. काडेपेटीवरच्या चित्रात ती शिरली की मात्र रंगांचे जग उघडते. ‘प्रिंटेड रेनबो’ हे त्या लघुपटाचे नाव आणि गीतांजली राव या त्याच्या दिग्दर्शिका. नाशिकच्या काड्या आणि मुंबईच्या काडेपेट्या यांचा थेट संबंध आहे, असे मी म्हणत नाही. या दोन कामांच्या मधल्या काळात अॅनिमेशनमध्ये बायकांचे किती हात राबले आणि त्यांतले किती ‘दिग्दर्शन’ या शब्दापर्यंत पोचले, हा प्रश्न मी विचारते आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मी याच प्रश्नाने स्वागत करते.

पहिला हात दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांचा. चित्रपटासाठी त्यांनी दागिने दिले, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्यांनी केलेले काम त्या मानाने कमी सांगितले जाते. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे हे सगळे त्यांनी केले आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही सांभाळला. छिद्राचे अंतर केसभर चुकले तर पडद्यावरचे चित्र थरथरते. म्हणजे चित्र स्थिर दिसत होते ते या बाईंच्या हाताच्या नेमकेपणामुळे. त्यागाच्या कथेत आपण त्यांना बसवले आणि कारागिरीच्या इतिहासातून वगळले. या विषयाच्या अभ्यासकाने पहिली सवय लावून घ्यायची ती हीच : कोणी काय दिले याच्या बरोबरीने कोणी काय केले, हे नोंदवायचे.

आता कामाचे स्वरूप पाहू. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ फ्रेमा असतात. पंधरा मिनिटांच्या लघुपटात २१,६००. एक चित्र दोन फ्रेमा टिकवले तरी १०,८०० चित्रे लागतात. हालचालीतल्या मुख्य क्षणांची चित्रे, म्हणजे कीफ्रेम, एकाने काढायची. त्यांच्या मधली चित्रे, म्हणजे इनबिटवीन, दुसऱ्यांनी भरायची. संगणक येण्याआधी ती सेलवर, म्हणजे पारदर्शक फिल्मवर, शाईने गिरवली जात, मागून रंगवली जात आणि मग एकेक करून कॅमेऱ्याखाली जात. सातपूरच्या वाचकाला ही रचना अनोळखी वाटणार नाही. माझे वडील इथल्या एका कारखान्यात टर्नर होते. ड्रॉइंग एकाचे असते आणि माल अनेकांच्या हातून उतरतो, हे या वसाहतीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात सही कोणाची, हा प्रश्नही इथे सगळ्यांना कळतो. अॅनिमेशनमध्ये दिग्दर्शन म्हणजे ती सही. पात्र किती वेळ गप्प राहील, पदर किती फ्रेमांत खाली येईल, कुठे रंग थांबेल, हे ठरवण्याचा तो अधिकार असतो.

हा अधिकार बायकांपासून जगभर दूर ठेवला गेला. १९३८ मध्ये अर्ज करणाऱ्या एका तरुणीला डिस्ने स्टुडिओने लेखी कळवले होते की पडद्यासाठी चित्रे घडवण्याचे काम स्त्रिया करत नाहीत. त्यांच्यासाठी शाईने गिरवण्याचे आणि रंग भरण्याचे काम आहे. त्याच्या बारा वर्षे आधी, १९२६ मध्ये, जर्मनीत लोटे रायनिगर यांनी काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापून ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला होता. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या अॅनिमेशनपटांत तो सर्वांत जुना. बाईला जमेल का, या शंकेचे उत्तर शंका लेखी स्वरूपात येण्यापूर्वीच दिले गेले होते. तरीही अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओच्या पूर्ण लांबीच्या अॅनिमेशनपटावर दिग्दर्शक म्हणून एका स्त्रीचे नाव यायला १९९८ उजाडले. ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’च्या तीन दिग्दर्शकांत ब्रेंडा चॅपमन होत्या.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतल्या कार्टून विभागाला १९५६ मध्ये आकार आला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स इथे शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्या विभागातून तयार झाले. पण मराठी घरांत पोचलेल्या अॅनिमेशनच्या पहिल्या मोठ्या आठवणीवर सही आहे ती विजया मुळे यांची. ‘एक, अनेक और एकता’ हा १९७४ चा सात मिनिटांचा लघुपट दूरदर्शनमुळे दोन पिढ्यांच्या तोंडी बसला. गाणे सगळ्यांना पाठ, आणि दिग्दर्शिकेचे नाव फारच थोड्यांना ठाऊक. माझी गतही तीच होती. आमच्या शेजारच्या घरातल्या टीव्हीपुढे बसून मी तो असंख्य वेळा पाहिला आणि नाव कळले ते पुष्कळ वर्षांनी.

विजयाताई १९२१ मध्ये मुंबईत जन्मल्या, लग्नानंतर पाटण्याला गेल्या आणि शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या. चित्रपटांचे वेड तिथे लागले. परतल्यावर त्यांनी पाटण्यात फिल्म सोसायटी चालवली. पुढे दिल्लीत शिक्षणाधिकारी असताना देशातल्या फिल्म सोसायटी चळवळीच्या उभारणीत, सत्यजित राय यांच्यासारख्यांच्या बरोबरीने, त्यांचा वाटा होता. ‘एक, अनेक और एकता’ त्यांनी केला तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. चित्रे अॅनिमेटर भीमसेन यांची आणि संगीत वसंत देसाई यांचे. विजयाताई चित्रकार नव्हत्या. त्या शिक्षिका होत्या. मुलाला एक गोष्ट किती वेळ दाखवावी, कुठे दुसरी गोष्ट जोडावी आणि कुठे त्याला स्वतः बोलू द्यावे, हे त्यांना कळत होते. त्या लघुपटात मोठी ताई प्रश्नाचे उत्तर देते आणि लगेच दुसरे उदाहरण पुढे ठेवते. ही बांधणी वर्गात शिकवलेल्या माणसाची आहे. तेव्हा स्वतः रेघ न ओढताही अॅनिमेशनचे दिग्दर्शन होऊ शकते, हा या अभ्यासातला पहिला मोठा धडा विजयाताईंकडून मिळतो.

विजयाताईंची ही पहिली वाट. दुसरी वाट नीना सबनानी यांची. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्या शिकल्या, तिथेच त्यांनी शिकवले आणि पुढे मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात त्या प्राध्यापक झाल्या. ‘मुकंद अँड रियाझ’ (२००५) मध्ये त्यांनी फाळणीच्या वेळची, आपल्या वडिलांच्या आठवणीतली दोन मित्रांची गोष्ट कापडाच्या तुकड्यांच्या शैलीत सांगितली. ‘टांको बोले छे’ (२००९) मध्ये कच्छच्या भरतकाम करणाऱ्या बायकांनी टाक्यांमधून स्वतःच्या आयुष्याची कथा मांडली. ‘हम चित्र बनाते हैं’ हा भिल्ल चित्रपरंपरेवरचा लघुपट. त्याला २०१६ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे दिग्दर्शिका दुसऱ्याच्या हाताला आपले वळण देत नाही. त्या हाताचे मूळ वळण पडद्यावर शाबूत राहील, याची ती काळजी घेते.

तिसरी वाट शिल्पा रानडे यांची. आयडीसीमध्येच शिकवणाऱ्या शिल्पाताईंनी उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या गोष्टीवरून ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तो २०१३ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला तो २०१९ मध्ये. मधली सहा वर्षे अभ्यासकाने नीट पाहावीत. मुलांसाठी केलेल्या देशी अॅनिमेशनपटाला आपल्याकडे पडदा सहज मिळत नाही, ही गोष्ट त्या दोन सालांमधल्या अंतरातच दिसते.

चौथी वाट गीतांजली राव यांची, आणि तिथे मी थोडी जास्त थांबते. १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या गीतांजलीताईंनी १९९४ मध्ये सर जे. जे. उपयोजित कला संस्थेतून पदवी घेतली. एका शतकाआधी, १८८५ मध्ये, फाळके ज्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले, तिच्याच आवारातली ही संस्था. अॅनिमेशन त्या स्वतःच शिकल्या. त्याच काळात पंडित सत्यदेव दुबे यांच्याकडे त्यांनी नाटक केले. त्यांच्या पात्रांच्या खांद्यांत आणि मानेत जे वजन दिसते, ते मला या नाटकाच्या तालमीतून आलेले वाटते. ‘प्रिंटेड रेनबो’तल्या फ्रेमा त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवल्या. कानमध्ये त्याला तीन पुरस्कार मिळाले. त्यानंतर २०१४ मध्ये ‘ट्रू लव्ह स्टोरी’ हा लघुपट पुन्हा ‘क्रिटिक्स वीक’मध्ये निवडला गेला. मुंबईच्या सिग्नलवर फुले विकणारी मुलगी त्यात होती. त्या बीजातून ‘बॉम्बे रोझ’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट उगवला आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या ‘क्रिटिक्स वीक’चा पडदा त्याने उघडला. मुंबईच्या पेपरबोट स्टुडिओत सुमारे साठ चित्रकारांनी दीड वर्ष त्यासाठी फ्रेमा रंगवल्या. लेखन, दिग्दर्शन, पात्ररचना आणि संकलन राव यांचे.

एकटीच्या हातापासून साठ हातांपर्यंतचा हा प्रवास या क्षेत्रातला सर्वांत अवघड टप्पा आहे. स्वतः रेघ ओढताना विचार आणि हात यांच्यामध्ये कोणी नसते. साठ जणांकडून तीच रेघ काढून घ्यायची तर आपल्याला काय हवे, ते आधी शब्दांत सांगता यावे लागते. आणि त्या साठांतल्या प्रत्येकाचा हात वेगळा आहे, हेही मान्य करावे लागते. ‘बॉम्बे रोझ’ पाहताना रंगाचा पोत कुठे जरा दाट, कुठे जरा विरळ होतो. मला त्यात कारागिरांची उपस्थिती जाणवते आणि ती तशीच राहू दिल्याबद्दल दिग्दर्शिकेविषयी आदर वाटतो.

या चौघींना एकत्र ठेवल्यावर माझे म्हणणे स्पष्ट होते. अॅनिमेशनच्या दिग्दर्शिकेची कारकीर्द चित्रपटांच्या संख्येने मोजू नये. ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) आणि ‘बॉम्बे रोझ’ (२०१९) यांच्यामध्ये तेरा वर्षे दिसतात. वरवर पाहणारा त्यांना रिकामा काळ म्हणेल. ती वर्षे पटकथेची, स्टोरीबोर्डची, निर्माता शोधण्याची आणि चरितार्थासाठी केलेल्या कामांची असतात. शिवाय या माध्यमात एका मिनिटाची किंमत १,४४० फ्रेमा आहे. ‘पहिली कोण’ हा प्रश्न आपल्याकडे फार लाडका आहे. त्याचे उत्तर मिळाले की शोध थांबतो. त्याऐवजी ‘हात कोणाचा, सही कोणाची आणि या दोन्हींत किती अंतर’ असे विचारावे. सरस्वतीबाईंचा हात होता, सही नव्हती. विजयाताईंची सही होती, रेघ दुसऱ्याची होती. नीनाताईंनी सही हातांबरोबर वाटून घेतली. शिल्पाताईंची सही झाली, पण ती लोकांसमोर यायला सहा वर्षे लागली. गीतांजलीताईंनी हात आणि सही आधी एकत्र आणली आणि मग हातांचा परिवार वाढवला.

नव्या अभ्यासकाने कामाला कुठून लागावे? श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचावी आणि रंग भरणाऱ्यांची नावे वहीत उतरवावीत. एखादा प्रसंग निवडून फ्रेम फ्रेम थांबवत पाहावा. जुन्या चित्रपटांसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. नाशिकहून ते काही तासांच्या अंतरावर आहे. सेलवर रंग भरण्यात आयुष्य घालवलेली माणसे आज वयस्क झाली आहेत. त्यांच्याशी बोलून घ्यायला उशीर करू नये, कारण त्यांच्या कामाची नोंद बहुधा त्यांच्या आठवणीतच आहे. ही कामे शहरातला, गावातला, मोठ्या पदवीविना असलेला कोणीही करू शकतो.

आणि वाचनाला बसण्याआधी माझी एक विनंती. एका कुंडीत वाटाणा पेरा. रोज ठरलेल्या वेळी, त्याच जागेवरून, त्याचा एकच फोटो घ्या. एखादा दिवस चुकेल, उजेड बदलेल, कुंडी कोणीतरी हलवेल, पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. तीस दिवस नीट पार पडले तर तुमच्या हातात सव्वा सेकंदाचे चित्र असेल. ते पाहा, आणि मग ‘प्रिंटेड रेनबो’ची पंधरा मिनिटे पाहायला बसा. त्या पंधरा मिनिटांमागे बाईच्या आयुष्याचा केवढा भाग आहे, ते तुम्हाला माझ्या प्रस्तावनेपेक्षा तो वाटाणा अधिक नीट सांगेल.

सातपूर, नाशिक