अध्ययन रजेचे बंधपत्र

विद्यापीठाच्या किंवा सरकारच्या खर्चाने परदेशी शिकायला जाणारा अध्यापक परत यावा, म्हणून निघण्यापूर्वी त्याच्याकडून लिहून घेतला जाणारा करार. रोजच्या बोलण्यात ‘बाँड’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार अध्ययन रजा आधी दोन वर्षे मिळते, प्रगती पाहून एक वर्ष वाढते. परतल्यावर निदान तीन वर्षे त्याच विद्यापीठात सेवा करावी लागते. दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल वेळेत आला नाही, तर रजावेतन अडवता येते. करार मोडल्यास पैसे परत भरावे लागतात.

तारण म्हणून स्थावर मालमत्ता, बँकेची हमी, विमा कंपनीचे हमीपत्र किंवा दोन कायम अध्यापकांचा जामीन चालतो. खरी मेख इथेच आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावातून शिकून वर आलेल्या अध्यापकाला बँकेची हमी सहसा झेपत नाही. मग वडिलांच्या शेताचा सातबारा पुढे करायचा, नाहीतर स्टाफरूममधल्या दोघांच्या सह्या मागायच्या. तो तिकडेच राहिला, तर वसुलीचा तगादा या मागे राहिलेल्यांच्या दारी येतो. ज्याने वचन मोडले तो मोकळा आणि ज्याने विश्वास टाकला तो अडकलेला, हा अन्याय आहे.

केवळ शब्दावर परतणारेही होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवण्याची प्रतिज्ञा करत. त्यांच्यापैकीच र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि परतून १९०२ साली सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

करार पाळूनही तो निष्फळ कसा ठरतो, हे बडोदा संस्थानात दिसले. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी करार केला: तीन वर्षे दरमहा ११.५० पौंड शिष्यवृत्ती, त्याबदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा. मुदत वाढवून मिळालेली शिष्यवृत्ती संपताच, १९१७ साली, लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून ते बडोद्याला रुजू झाले. कचेरीत अस्पृश्यता आणि शहरात राहायला खोली नाही. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईला आले. पुढच्याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले; ज्या संस्थानाने त्यांच्या शिक्षणावर खर्च केला, त्याला त्यांची विद्वत्ता लाभली नाही.